बाटलीवरचे नाव, शुद्धीवरचा कलावंत : जॉनी वॉकर यांच्या विनोदाचा पुनर्विचार

२९ जुलै २००३ रोजी मुंबईत बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी यांचे निधन झाले. या नावाने त्यांना ओळखणारी माणसे आप्तेष्टांच्या वर्तुळापलीकडे थोडीच होती. जॉनी वॉकर म्हटले की मात्र ओठावरची बारीक मिशी, किंचित अनुनासिक बारीक आवाज आणि झोकांड्या खाणारी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांच्या निधनानंतर वृत्तपत्रांतून जे मृत्युलेख आले, त्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्या. ते आधी बस कंडक्टर होते, त्यांना हे नाव गुरुदत्त यांनी दिले आणि पडद्यावरच्या या प्रसिद्ध दारुड्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्या किस्से म्हणून सांगितल्या गेल्या, त्यांचा अर्थ लावला गेला नाही. पाऊणशेहून अधिक वर्षांच्या हिंदी बोलपटाच्या इतिहासात तीनशेच्या आसपास चित्रपटांतून काम केलेल्या कलावंताच्या वाट्याला एवढीच टिपणी यावी, हे पुरेसे नाही.

याला दोन कारणे संभवतात. चित्रपट-समीक्षेच्या दृष्टीने विनोदी नट हा कथेतील विसाव्याची जागा. नायकाचे दुःख जड झाले की तो येतो आणि गाणे म्हणून निघून जातो. गुरुदत्त यांच्या चित्रपटांवर भरपूर लिहिले गेले आहे, पण त्या लेखनात छायाप्रकाश, कवीची व्यथा आणि नायिकांच्या भूमिका यांना जितकी जागा मिळाली तितकी मालिशवाल्या सत्तारला मिळाली नाही. दुसरे कारण आपल्या समाजाशी निगडित आहे. काझी घराण्यातील मुलाने विलायती व्हिस्कीचे नाव धारण करावे आणि पडद्यावर मद्यपी म्हणून नाव कमवावे, याविषयी एक अवघडलेपण जुन्या पिढीत होते. त्यामुळे आपल्या कर्तबगार मंडळींची यादी करताना त्यांचे नाव घेतले गेले तरी हसून, ओझरते घेतले गेले. प्रस्तुत लेखात या दोन्ही दृष्टिकोनांची फेरतपासणी करण्याचा प्रयत्न आहे.

इंदूर ते मुंबईची बस

बद्रुद्दीन काझी मूळचे इंदूरचे. होळकरांच्या या राजधानीत दरबाराची मराठी, बाजारातील माळवी आणि हिंदी, मोहल्ल्यांतील उर्दू अशा बोली एकमेकींना खेटून नांदत होत्या. शहरात कापडगिरण्या उभ्या राहिल्या, तसा त्यांच्या आधारे जगणारा कामगारवर्गही तयार झाला. बद्रुद्दीन यांचे वडील अशाच एका गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली आणि मोठे खटले असलेले हे कुटुंब मुंबईस आले. दहा भावंडांपैकी एक असलेल्या बद्रुद्दीन यांची शाळा सहाव्या इयत्तेत सुटली. बर्फाच्या कांड्या, फळे, भाजी असे जे मिळेल ते विकून त्यांनी घराला हातभार लावला आणि पुढे बेस्टच्या बसमध्ये कंडक्टरची नोकरी मिळवली.

ही नोकरी म्हणजे त्यांची नाट्यशाळाच ठरली. नूर मोहम्मद चार्ली हे बोलपटाच्या पहिल्या पर्वातील विनोदी नट त्यांचे आदर्श होते. बसमध्ये थांब्यांची नावे पुकारताना, गर्दी पुढे सरकवताना ते नकला करीत, प्रवाशांना हसवीत. कधीतरी चित्रपटसृष्टीतील एखाद्या माणसाची नजर आपल्यावर पडेल, ही आशाही त्यामागे होती. चित्रपटांत घोळक्यातील किरकोळ कामे मिळू लागली होती. त्याच सुमारास बलराज साहनी यांनी त्यांना पाहिले. साहनी त्या वेळी ‘बाझी’ची कथा-पटकथा लिहीत होते. त्यांच्या सांगण्यावरून बद्रुद्दीन दारुड्याचे सोंग घेऊन गुरुदत्त यांच्यापुढे गेले आणि त्यांनी असा गोंधळ घातला की माणूस खरोखरच प्यायलेला आहे असे सर्वांना वाटले. सोंग उघड झाल्यावर गुरुदत्त यांनी त्यांना ‘बाझी’त भूमिका दिली आणि पुढे नावही दिले. हा चित्रपट १९५१ साली प्रदर्शित झाला.

या प्रसंगातील एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. म्हणजे ज्या शहरात व्हिस्की विकत घेऊन उघडपणे पिणे गुन्हा होता, त्या शहरात एका नटाला व्हिस्कीचे नाव मिळाले. अशा काळात पडद्यावर झुलणारा माणूस केवळ व्यसनी नसतो. कायद्याच्या कडेकडेने चालणारा, पोलिसाची चाहूल लागताच एकदम सरळ उभा राहण्याची धडपड करणारा तो इसम असतो. हसू त्या धडपडीचे येते. त्यांच्या विनोदाचे मूळ तेव्हाच्या मुंबईत असे रुजलेले आहे.

रिंद आणि तळीराम

दारुडा हे पात्र आपल्या दोन्ही भाषांना नवे नाही. मात्र उर्दूतील मद्यपी आणि मराठीतील मद्यपी यांची कुळे वेगळी आहेत.

उर्दू गझलेत त्याला रिंद म्हणतात. रिंद मैखान्यात बसतो, साकीकडे मागणी करतो, शेख आणि नासेह, म्हणजे उपदेश करणारा, यांची टर उडवतो. पण गझलेतील शराब ही बहुतेक वेळा रूपक असते. ती कधी इश्क असते, कधी बेखुदी, कधी ढोंगाविरुद्धचे बंड. उर्दूत अशा काव्याला खमरियात अशी संज्ञा आहे आणि या प्रकारात सर्वांत गाजलेले नाव रियाझ खैराबादी यांचे आहे. रियाझ स्वतः मद्यापासून दूर होते, ही गोष्ट उर्दूच्या विद्यार्थ्यांना पहिल्या काही तासांतच सांगितली जाते. रियाझ यांच्या शायरीबद्दल कोणी त्यांच्या दीनदारीवर शंका घेत नाही, कारण रिंद हा मुखवटा आहे हे वाचकाला ठाऊक असते. रिंदाला जे बोलता येते ते प्रतिष्ठिताला बोलता येत नाही, म्हणून शायर तो मुखवटा चढवतो.

मराठी रंगभूमीवरील दारुडा निराळा आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात रंगभूमीवर आणले. त्यातील तळीराम प्रेक्षकांना पोट धरून हसवतो, आर्य मदिरा मंडळाचा थाट मांडतो. पण त्या हास्याच्या पाठीमागे सुधाकराचा नाश आणि सिंधूची उपासमार उभी असते. येथे दारू रूपक नाही. ती खरीखुरी आहे आणि घर खाते. गडकऱ्यांचा विनोद प्रेक्षकाला आधी हसवतो आणि मग त्या हसण्याचा हिशेब मागतो.

जॉनी वॉकर यांचा दारुडा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे, पण त्याचा कल रिंदाकडे अधिक आहे. त्याचे नाव हेच मुळी एक तखल्लुस आहे. शायराने तखल्लुस घेतले की घरचे नाव आणि शायरीतील व्यक्ती यांत एक अंतर पडते. गालिब म्हणून जे बोलले जाते ते असदुल्ला खान या गृहस्थाचे शपथपत्र नसते. त्याच न्यायाने जॉनी वॉकर या नावाने जे केले गेले ते बद्रुद्दीन काझी यांच्या चारित्र्याचे वर्णन नव्हे. हे अंतर त्यांनी आयुष्यभर राखले. नावाविषयीचे अवघडलेपण दूर होण्यास एवढी एक दृष्टी पुरेशी आहे, आणि ती आपल्याच साहित्यपरंपरेतून मिळते.

शुद्धीवरची नशा

न पिणाऱ्याने पिणाऱ्याची भूमिका करणे यात एक कलात्मक फायदाही आहे. सामान्य नट नशा दाखवताना आतल्या धुंदीचे प्रदर्शन करतो. डोळे मिटतात, जीभ जड होते, शब्द घसरतात आणि लेखकाचे वाक्य वाया जाते. जॉनी वॉकर यांची रीत उलटी होती. त्यांचा दारुडा आपण शुद्धीवर आहोत असे पटवून देण्याच्या खटाटोपात असतो. शरीर डुलते, पण वाक्य स्वच्छ येते. शब्दाला विलंब होतो, पण तो नेमक्या जागी पडतो. त्यांनी हे निरीक्षणातून उचलले होते. बसमध्ये दिवसभर नाना तऱ्हेची माणसे पाहणाऱ्या कंडक्टरला माणसाच्या तोल सांभाळण्याच्या सर्व लकबी ठाऊक असणे स्वाभाविक आहे.

बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’मधील (१९५८) चरणदास हे याचे चांगले उदाहरण. गूढ वातावरणाच्या, पुनर्जन्माच्या या कथेत नायकाच्या सोबतीला असलेला हा नोकर झाडावर चढून नशेत गातो, तेव्हा जंगलाची भीती काही क्षण विरघळते. ती पूर्ण नाहीशी मात्र होत नाही, कारण चरणदासला स्वतःलाच भीती वाटत असते. भय आणि हास्य एकाच देहात ठेवण्याची ही हातोटी होती. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. विनोदी भूमिकेसाठीचे पारितोषिक त्यांना पुढे ‘शिकार’साठी (१९६८) लाभले.

गुरुदत्त यांच्या कार्यपद्धतीचा या घडणीत मोठा वाटा होता. जॉनी वॉकर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, गुरुदत्त त्यांना प्रसंग आणि संवाद समजावून देत आणि याहून चांगले काही सुचत असेल तर कर, अशी मोकळीक देत. मग सेटवरील दिवे सांभाळणारे कामगार हसतात की नाही, याकडे दिग्दर्शकाचे लक्ष असे. या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे. विनोदाची परीक्षा सेटवरच्या मजुरांकडून होत होती. चित्रपटगृहातील चार आण्यांच्या प्रेक्षकाची कसोटी चित्रीकरणाच्या वेळीच लागत होती.

कामाची माणसे

मजुरांची ही कसोटी लावून त्यांच्या उत्तम भूमिका पाहिल्या तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. नायक पुष्कळदा बेकार, कवी किंवा स्वप्नाळू असतो, पण जॉनी वॉकर यांचे पात्र काहीतरी धंदा करीत असते आणि त्या धंद्यावर जगते.

‘प्यासा’तील (१९५७) अब्दुल सत्तार या दृष्टीने सर्वश्रेष्ठ. कलकत्त्याच्या रस्त्यांवर तेलाची बाटली घेऊन फिरणारा हा मालिशवाला आहे. येथे बाटली आहे, पण तेलाची. नशेचा मुखवटा या भूमिकेत अजिबात नाही. त्याचे गाजलेले गाणे साहिर लुधियानवी यांनी फेरीवाल्याच्या पुकाऱ्याच्या अंगाने लिहिले आणि रफी यांनी तसेच ते गायिले. ज्या कवीने याच चित्रपटात समाजव्यवस्थेवर जळजळीत नज्मा दिल्या, त्यानेच गिऱ्हाईक बोलावणारी ही हाळी रचली. दोन्हींमागचा विचार एकच आहे. राजा असो वा रंक, डोके सर्वांचेच दुखते आणि ते चेपून देणारा हात सर्वांना सारखाच लागतो, असे सत्तारचे साधे तत्त्वज्ञान आहे.

कथानकात त्याचे स्थान आणखी मोलाचे आहे. कवी विजय मेला असे समजून त्याचा संग्रह छापला जातो, तो गाजतो, पैसा येतो. विजय जिवंत आहे हे कळल्यावर प्रकाशक, मित्र आणि सख्खे भाऊ पैशासाठी त्याला ओळख देत नाहीत. वेड्यांच्या इस्पितळात अडकलेल्या विजयला ओळखतो आणि तेथून निसटण्यास मदत करतो तो सत्तार. संपूर्ण चित्रपट ओळख नाकारण्याविषयी आहे, आणि जो गिऱ्हाइकांची डोकी हाताळून पोट भरतो, त्यालाच माणसाची ओळख पटते. अशा पात्राला केवळ विसाव्याची जागा मानणे हा वाचनातील दोष ठरेल.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हिंदी चित्रपटात मुस्लिम पात्र म्हटले की नवाब, कव्वाल, तवायफ किंवा एखादा सत्शील वृद्ध चाचा एवढेच साचे दीर्घकाळ होते. अब्दुल सत्तार यांपैकी काहीच नाही. तो कष्टकरी आहे, तरुण आहे, प्रेमात पडतो, भाव ठरवतो, मित्रासाठी धोका पत्करतो. त्याच्या धर्माचा कथेत गाजावाजा नाही आणि लपवाछपवीही नाही. देशातील बहुसंख्य मुसलमान हातावर पोट असलेले असताना पडद्यावर असा माणूस इतक्या सहजपणे क्वचितच आला.

राज खोसला दिग्दर्शित ‘सीआयडी’मधील (१९५६) मास्टर हा खिसेकापू आहे. संपादकाच्या खुनाच्या तपासात तो पोलिसांच्या हाती लागतो. चित्रपट पुढे सरकतो तसे कळते की खरा गुन्हेगार समाजात प्रतिष्ठा असलेला माणूस आहे. किरकोळ चोर कोठडीत आणि मोठा चोर बंगल्यात, ही विसंगती मास्टरच्या घाबरट चेहऱ्यामुळे उठून दिसते. मजरूह सुलतानपुरी यांनी लिहिलेले आणि ओ. पी. नय्यर यांनी स्वरबद्ध केलेले मुंबईविषयीचे जे गीत आजही ऐकले जाते, ते या खिसेकापूच्या तोंडी आहे. शहराच्या निष्ठुर व्यवहाराविषयी तक्रार करण्याचा अधिकार तेथे एखाद्या विचारवंताला न देता रस्त्यावरील माणसाला दिला आहे, म्हणून ती तक्रार कडवट वाटत नाही. शेवटी गीता दत्त यांच्या आवाजात त्याच तक्रारीला स्त्रीचे उत्तरही मिळते.

बी. आर. चोप्रा यांच्या ‘नया दौर’मध्ये (१९५७) ते मुंबईहून आलेल्या पत्रकाराच्या भूमिकेत आहेत. कथा टांगा आणि मोटारबस यांच्या स्पर्धेची. बसमुळे टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो, आणि त्यांची कैफियत जगापुढे मांडणारे पात्र वठवतो तो एके काळचा बस कंडक्टर. निवड योगायोगाची असेल, पण गिरणी बंद पडल्यामुळे ज्याच्या कुटुंबाला गाव सोडावे लागले, त्याला यंत्र आणि रोजगार यांचा प्रश्न पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

बोलीचा कलावंत

भाषेच्या अभ्यासकाला जॉनी वॉकर यांच्याकडून खूप काही मिळण्यासारखे आहे. त्यांच्या उर्दूत दोन थर स्पष्ट दिसतात.

पहिला थर रस्त्याचा. सत्तार आणि मास्टर यांची भाषा व्याकरणाला फार जुमानत नाही. ती हाकेची, घासाघिशीची, थापांची भाषा आहे. बाजारात वावरलेल्या माणसाच्या कानाशिवाय ती जमत नाही. दुसरा थर तहजीबीचा. एम. सादिक दिग्दर्शित ‘चौदहवीं का चाँद’मध्ये (१९६०) लखनौच्या तीन मित्रांपैकी एकाच्या भूमिकेत ते मिर्झा बनून येतात. तेथे आदाब, तकल्लुफ आणि पेचदार वाक्ये आहेत. सहावी इयत्ताही धड न ओलांडलेल्या माणसाच्या तोंडी ही उर्दू परकी वाटत नाही. तकल्लुफातील कृत्रिमपणा ते बोलण्याच्या एका हेलकाव्यातून दाखवून देतात, पण त्या संस्कृतीचा उपमर्द करीत नाहीत.

‘मेरे मेहबूब’मधील (१९६३) भूमिका तर उर्दूच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. अलीगढच्या विद्यापीठात सुरू होणाऱ्या या कथेत जॉनी वॉकर नायकाचे मित्र आहेत. पात्राचे नाव बिंदादीन रस्तोगी आणि तखल्लुस ‘घायल’. म्हणजे एक मुसलमान नट उर्दूत शायरी करणाऱ्या हिंदू तरुणाची भूमिका करीत आहे. रतननाथ सरशार, ब्रिजनारायण चकबस्त, फिराक गोरखपुरी यांची उर्दू अजून लोकांच्या स्मरणात होती, म्हणून प्रेक्षकांना त्यात आश्चर्य वाटले नाही. ‘घायल’ हसवतो तो शायरीच्या खुमखुमीमुळे, धर्मामुळे नव्हे. आज हा चित्रपट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या साध्या गोष्टीवर थांबावे लागते. उर्दू कोणाची, या वादात पुराव्यादाखल ठेवावे असे हे विनोदी पात्र आहे.

मोहम्मद रफी यांचा उल्लेख केल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. रफी त्यांच्यासाठी गात तेव्हा आवाजाची जात बदलत. स्वर पातळ होई, शब्दांच्या शेवटी एक खोडकर मुरका येई, मधेच बोलल्यासारखे सूर येत. डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही पडद्यावर कोण आहे हे समजे. दिलीपकुमार यांच्यासाठी गाणारा तोच गळा इतका वेगळा होऊ शकतो, याचे श्रेय रफींचे. मात्र ज्या बोलण्याची नक्कल रफींना करावीशी वाटली, त्या बोलण्यालाही स्वतःचा ताल होता, हे विसरता येत नाही.

मर्यादा

गौरव करताना उणिवा झाकणे अभ्यासाला शोभणारे नाही. १९६० नंतरच्या त्यांच्या पुष्कळ भूमिकांत तोचतोचपणा आहे. चित्रपटाच्या मुख्य कथेशी काडीचाही संबंध नसलेले विनोदी उपकथानक जोडण्याची प्रथा पडली आणि त्यात या गुणी नटाची शक्ती खर्च झाली. खुद्द गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’मधील (१९५९) रॉकी हे शर्यतीच्या घोड्यांत रमणारे श्रीमंत पात्र कथेच्या गंभीर प्रवाहाला चिकटत नाही. सत्तारच्या हाती काम होते, रॉकीच्या हाती नाही, आणि फरक तेथेच पडतो. १९६४ साली गुरुदत्त गेल्यावर त्यांना तसा दिग्दर्शक पुन्हा लाभला असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांची पात्रेही तरुणींचा पाठलाग करतात, आणि तो निरुपद्रवी खेळ म्हणून दाखवला जातो. आजच्या विद्यार्थिनींना हे प्रसंग हसवत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

तिसरा आक्षेप गडकऱ्यांच्या बाजूचा. रिंदाचे रूपक गझलेत शोभते, पण पडद्यावर बाटली दिसते, ओठाला लागते. गिरणगावात आणि मोहल्ल्यांत दारूने किती संसार बुडाले, याचा मागमूस त्यांच्या विनोदात नाही. तळीरामाला शेवट आहे, जॉनी वॉकर यांच्या दारुड्याला नाही. तो दुसऱ्या चित्रपटात पुन्हा ताजातवाना होऊन येतो. पुढील काळात केश्तो मुखर्जी आणि इतरांनी हा साचा पक्का केला आणि हिंदी चित्रपटात नशा ही केवळ हसण्याची गोष्ट होऊन बसली. या परंपरेचा उगम शोधताना जॉनी वॉकर यांना वगळता येणार नाही.

त्यांच्या बाजूने इतकेच सांगता येते की त्यांनी विनोदाची एक सीमारेषा पाळली. आपल्या एवढ्या चित्रपटांतून सेन्सॉरने माझे एक वाक्यही कापले नाही, असे ते उतारवयात अभिमानाने सांगत. घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावा असा विनोद, ही त्यांची कसोटी होती. द्वयर्थी संवादांची चलती झाली तेव्हा त्यांनी हळूहळू काम थांबवले. मध्यंतरी १९८५ साली ‘पहुँचे हुए लोग’ हा चित्रपट त्यांनी स्वतः काढला, पण पडद्यावरचा वावर जवळजवळ संपला होता.

शेवटच्या दोन भूमिका

त्यांच्या उत्तरकाळातील दोन भूमिकांवर या विवेचनाचा शेवट करणे उचित ठरेल.

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’मध्ये (१९७१) ते ईसाभाई सुरतवाला या नाटकवाल्याच्या भूमिकेत आहेत. मरणाच्या दारात उभा असलेला आनंद अनोळखी माणसाला मुरारीलाल म्हणून हाक मारतो. कोणी चिडतो, कोणी दुर्लक्ष करतो. ईसाभाई मात्र क्षणात खेळात सामील होतो आणि तितक्याच सहजतेने दुसरेच नाव घेऊन उत्तर देतो. खोट्या नावाने पुकारले असता खरी मैत्री देणारा हा माणूस, ज्याला जगाने आयुष्यभर खोट्याच नावाने पुकारले, त्यानेच साकारावा यात मोठे औचित्य आहे. आनंदच्या आजाराचे स्वरूप कळल्यावर ईसाभाई त्याच्यासमोर हसत राहतो आणि बाहेर आल्यावर कोसळतो. वीस वर्षे हसवणाऱ्या नटाने प्रेक्षकांना रडवले ते या ठिकाणी. जीवन म्हणजे रंगमंच आणि माणसे कळसूत्री बाहुल्या, हा या चित्रपटातील सर्वांत लक्षात राहणारा विचार मूळचा ईसाभाईच्या नाटकी संवादातला आहे, हेही पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. गुरूचे वाक्य शिष्याच्या नावावर जमा झाले.

कमल हासन यांच्या ‘चाची ४२०’मध्ये (१९९७) ते बऱ्याच वर्षांनी परतले. भूमिका होती जोसेफ या पिणाऱ्या रंगभूषाकाराची. नायकाला वयस्कर स्त्रीचे रूप देणारा, मुखवटा घडवणारा हा कारागीर आहे. ज्याने पंचेचाळीस वर्षे मद्यप्याचा मुखवटा चढवला, त्याने शेवटी दुसऱ्याचा मुखवटा रंगवला. चेहरा थकलेला होता, पण हात हलतात आणि मग शब्द येतो, ती जुनी लय तशीच होती.

जॉनी वॉकर यांना आपले शिक्षण अर्धवट राहिल्याची खंत होती. आपल्या मुलांना त्यांनी शिक्षणासाठी अमेरिकेपर्यंत पाठवले. पुस्तकी विद्या हुकलेल्या या माणसाने बोलीचे जे भांडार मागे ठेवले आहे, त्याचा उपयोग आता शिक्षणसंस्थांनी करून घ्यावयास हवा. उर्दू विभागांत रिंद आणि खमरियात शिकवताना रियाझ खैराबादींच्या सोबतीने ‘मधुमती’तील चरणदास दाखवता येईल. मराठीच्या वर्गात ‘एकच प्याला’ शिकवताना तळीराम आणि जॉनी वॉकर यांची तुलना हा विद्यार्थ्यांना भावणारा स्वाध्याय ठरेल. बोलचालीच्या उर्दूचा शब्दसंग्रह करणाऱ्या संशोधकाला सत्तार, मास्टर, मिर्झा आणि ‘घायल’ यांचे संवाद ही तयार सामग्री आहे. हे चित्रपट सहज उपलब्ध आहेत. संवाद उतरवून घेण्याचे, त्यांची प्रांतवार छाननी करण्याचे काम मात्र अजून कोणी हाती घ्यावयाचे आहे. इंदूरसारख्या बहुभाषिक शहरातील एखाद्या महाविद्यालयाने ते घेतले, तर त्या शहराने आपल्या एका गिरणी कामगाराच्या मुलाची नीट ओळख पटवली असे होईल.